उत्क्रांतीचे शालेय कथन आणि नंदुरबारचा सिकलसेल : एक चिकित्सा

प्रस्तावना

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून काढला पाहिजे, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, प्राध्यापक व शिक्षकांनी खुले पत्र लिहून निषेध नोंदविला. या दोन्ही प्रसंगी झालेल्या चर्चेचा विषय एकच होता : उत्क्रांती शिकवावी की शिकवू नये. ती कशी शिकविली जाते, तिच्या कथनात कोणती उदाहरणे येतात व कोणती गळतात, आणि त्या निवडीचा विद्यार्थ्यांच्या समजुतीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

महाराष्ट्र राज्य मंडळाने हा विषय वगळला नाही, ही समाधानाची बाब होय. २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग दोनचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. बारावीच्या जीवशास्त्रात जीवोत्पत्ती व उत्क्रांती यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा पाठ आहे किंवा नाही, ही तक्रार येथे करावयाची नाही. प्रस्तुत लेखात या कथनाची चिकित्सा नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. मानवामध्ये नैसर्गिक निवड घडत असल्याचा जो सर्वाधिक तपासला गेलेला पुरावा जगभरच्या जीवशास्त्राच्या ग्रंथांत दिला जातो, तो याच जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांच्या घराघरांत आहे. आपल्या अध्यापनात मात्र तो केवळ एक आजार म्हणून येतो आणि उत्क्रांतीच्या विवेचनापर्यंत पोहोचत नाही. या गळतीची किंमत काय, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

‘उत्क्रांती’ या शब्दाचा भार

प्रथम शब्दाकडे पाहणे उचित ठरेल. मराठीत आज रूढ असलेला ‘उत्क्रांती’ हा शब्द ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे यांपासून बनला आहे. वेदान्ताच्या परंपरेत उत्क्रान्ती म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे. विज्ञानाने तो शब्द उचलला तेव्हा हा अर्थ गळाला, पण ‘वर जाणे’ ही छटा टिकून राहिली. मराठी विश्वकोशाने या विषयाच्या नोंदीसाठी ‘क्रमविकास’ हा शब्द स्वीकारला. त्यातही ‘विकास’ आहेच, आणि विकास म्हणजे सुधारणा असे आपण रोजच्या व्यवहारात समजतो. वस्तुतः डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात मांडलेल्या प्रक्रियेला कोणतीही दिशा नाही. पिढ्यानुपिढ्या परिवर्तने होत राहतात, त्यांतील काही त्या त्या ठिकाणी, त्या त्या काळी अधिक संतती मागे ठेवतात, आणि समूहातील गुणांचे प्रमाण बदलत जाते. एवढाच तिचा गाभा आहे. खुद्द डार्विनने पहिल्या आवृत्तीत या प्रक्रियेसाठी आज प्रचलित असलेले इंग्रजी नाम वापरण्याचे टाळले होते, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

मराठी वाचकाला हा विचार बऱ्याच अंशी हर्बर्ट स्पेन्सरच्या वाटेने भेटला. आगरकरांच्या पिढीवर स्पेन्सरचा प्रभाव सर्वज्ञात आहे. १८६४ मध्ये स्पेन्सरने योजलेला ‘योग्यतमाचा टिकाव’ हा शब्दप्रयोग डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला आणि तोच जगभर सिद्धान्ताचे बोधवाक्य होऊन बसला. आपल्या वर्गात त्याचे रूपांतर नकळत ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीत होते. जो बलवान तो टिकला, जो टिकला तो श्रेष्ठ, आणि जो मागे पडला तो निकृष्ट, अशी साखळी विद्यार्थी स्वतःच जोडतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला हे नवीन नाही.

या समजुतीला चित्राची जोड मिळते. वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या मानवापर्यंतची एका ओळीतील मिरवणूक १९६५ मध्ये रुडॉल्फ झॅलिंगर यांनी एका लोकप्रिय ग्रंथमालेसाठी रेखाटली, आणि आज ती भिंतीवरच्या तक्त्यांपासून विनोदी चित्रांपर्यंत सर्वत्र आढळते. त्या ओळीत शेवटी असलेला पुरुष बहुधा गोरा असतो. मधल्या पायऱ्यांवर कोण उभे आहे, असा प्रश्न अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील विद्यार्थ्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही. ‘आदिवासी’ म्हणजे मूळ रहिवासी आणि ‘आदिम’ म्हणजे अविकसित, हे दोन अर्थ आपल्या सार्वजनिक भाषेत इतके मिसळले आहेत की, उत्क्रांतीचा पाठ त्या मिसळणीला शास्त्राचा शिक्का देतो आहे की काय, असे वाटावे. एकोणिसाव्या शतकातील मानववंशशास्त्राने हेच केले होते. जिवंत माणसांच्या समूहांना भूतकाळातील पायऱ्यांवर बसविले होते. आज जगणारे सर्व मानवसमूह एकाच वेळेपर्यंतचा, सारख्याच लांबीचा जैविक इतिहास मागे घेऊन आले आहेत, हे एक वाक्य पाठात ठळकपणे असते तरी पुष्कळ काम झाले असते.

जाता जाता एक नोंद. मानवी वंशाच्या शालेय वर्णनांत रामापिथेकसचे नाव आजही आढळते. शिवालिक टेकड्यांत १९३२ मध्ये सापडलेल्या जबड्याच्या तुकड्यावरून एके काळी त्याला मानवाचा पूर्वज मानले गेले होते. १९८० च्या दशकात पोटवार पठारावरील अधिक पूर्ण अवशेष व रेणवीय पुरावे यांमुळे ते मत मागे पडले. तो प्राणी शिवापिथेकसचाच होता आणि त्याची जवळीक ओरांगउटानशी आहे, असे आता मानले जाते. चार दशकांपूर्वी निकाली निघालेला प्रश्न पाठ्यपुस्तकांतून निघण्यास इतका काळ का लागावा, हे कळत नाही.

जीवोत्पत्ती : स्वतंत्र प्रश्न

आपल्या अभ्यासक्रमांची दुसरी सवय म्हणजे जीवोत्पत्ती आणि उत्क्रांती यांना एकाच दोरीत बांधणे. विषयांची जवळीक पाहता हे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे एका प्रश्नातील अनिश्चितता दुसऱ्यावर पसरते. पहिला सजीव कसा निर्माण झाला, याचे सर्वमान्य उत्तर आज विज्ञानाजवळ नाही. सजीव एकदा अस्तित्वात आल्यावर त्यांच्यात बदल कसे होत गेले, याचे उत्तर मात्र भक्कम आहे. पहिल्याची अपूर्णता दाखवून दुसरे नाकारण्याचा युक्तिवाद २०१८ च्या वादाच्या वेळीही ऐकू आला.

जीवोत्पत्तीचा इतिहास आपण बहुधा तीन नावांत संपवितो : ओपॅरिन (१९२४), हाल्डेन (१९२९) आणि मिलर (१९५३). मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विद्युत ठिणग्या सोडून स्टॅन्ले मिलर यांनी ॲमिनो आम्ले मिळविली, हा प्रयोग युरी यांच्या शिकागो येथील प्रयोगशाळेत झाला व तो खरोखरच युगप्रवर्तक होता. २००८ मध्ये त्यांच्या जुन्या कुप्यांतील अवशेष आधुनिक उपकरणांनी तपासले गेले, तेव्हा त्यांत पूर्वी समजल्यापेक्षा अधिक प्रकारची ॲमिनो आम्ले आढळली. दुसऱ्या बाजूने, आद्य पृथ्वीचे वातावरण इतके हायड्रोजनसमृद्ध नसून त्यात कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांचे प्रमाण मोठे असावे, असे मत पुढे आले. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर उष्णजलाची विवरे सापडली आणि शोधाला नवी जागा मिळाली. आरएनए रेणू माहिती साठविण्याबरोबरच रासायनिक क्रियाही घडवू शकतो, हे दाखविल्याबद्दल चेक व ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक लाभले. यांतून ‘आरएनए जग’ ही कल्पना बळावली. तीही अद्याप कल्पनाच आहे. हा सर्व प्रांत चालू संशोधनाचा म्हणून, त्याच्या मोकळ्या प्रश्नांसह शिकविला तर त्यात कमीपणा नाही.

या तिघांपैकी हाल्डेन यांच्याशी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले. आपला विद्यार्थी त्यांना ‘ओपॅरिन-हाल्डेन’ या जोडनावातच ओळखतो. याच हाल्डेन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक वेगळा विचार मांडला होता. भूमध्य समुद्राच्या परिसरात थॅलसेमिया हा घातक रक्तदोष इतका विपुल कसा, या प्रश्नावर त्यांनी सुचविले की, त्या जनुकाची एकच प्रत असणाऱ्या व्यक्तींना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. आद्य रसायनांच्या ‘सूपा’साठी आपण ज्यांचे नाव पाठ करून घेतो, त्यांचाच हा दुसरा विचार सातपुड्यातील माणसांना थेट लागू पडतो. तो मात्र आपल्या विवेचनात येत नाही.

सिकलसेल : आजार आणि पुरावा

सिकलसेलची वैद्यकीय हकीकत १९१० पासून सुरू होते. त्या वर्षी शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी या आजारात हिमोग्लोबिनचा रेणूच निराळा असल्याचे दाखविले. रेणूच्या पातळीवर स्पष्ट झालेला हा पहिला आजार. १९५० च्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी तो फरक नेमका कोठे आहे हे शोधले : बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एका अक्षराचा हा बदल. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन परस्परांना चिकटून लांब तंतू तयार करते, पेशी विळ्यासारखी वाकते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते, आणि वेदनांचे झटके, पंडुरोग व वारंवार संसर्ग हे सत्र सुरू होते.

मातापिता दोघांकडूनही हे जनुक मिळाले तर व्यक्ती रुग्ण होते. एकाकडूनच मिळाले तर ती वाहक राहते, आणि बहुतेक वाहकांना आयुष्यभर त्रास जाणवत नाही. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की, जेथे फॅल्सिपेरम हिवताप तीव्र, तेथे वाहकांचे प्रमाण अधिक, आणि वाहक मुलांना त्या हिवतापाचा उपद्रव कमी. त्यानंतरच्या अभ्यासांतून, विशेषतः केनियातील मुलांच्या पाहणीतून, गंभीर स्वरूपाच्या हिवतापापासून वाहकांना मिळणारे संरक्षण सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत असल्याचे आढळले. परोपजीवी शिरलेली पेशी वाहकाच्या शरीरात लवकर वाकते व प्लीहेत गाळली जाते, तसेच कमी प्राणवायूत परोपजीवीची वाढही खुंटते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. हे संरक्षण वाहकाला आहे. रुग्णाला हिवताप झाला तर तो अधिकच जीवघेणा ठरतो.

भारतात लेहमन व कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत हे लक्षण नोंदविले. नागपूर परिसरातून शुक्ल व सोळंकी यांचा वृत्तान्त १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील विस्तृत चित्र सुदाम काटे यांनी अनेक वर्षांच्या तपासण्यांतून उभे केले. काटे व लिंगोजवार यांच्या २००२ मधील शोधनिबंधानुसार राज्यातील आदिवासी समूहांत वाहकांचे प्रमाण शून्य ते ३५ टक्के इतके भिन्न आहे. भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर या समूहांत ते २० ते ३५ टक्के आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत. हा आजार आदिवासींपुरताच मर्यादित नाही, हेही नोंदविले पाहिजे. विदर्भात अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही तो आढळतो.

या आकड्यांवरून उत्क्रांतीचे गणित महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सहज करता येते. एखाद्या समूहात वाहक २० टक्के आहेत असे धरू. विवाह यादृच्छिक मानले तर एक हजार नवजातांत सुमारे ७८७ निरोगी, २०० वाहक व १३ रुग्ण येतात. जनुकाच्या एकूण दोन हजार प्रतींपैकी सिकलच्या प्रती २२६, म्हणजे सुमारे ११.३ टक्के. वैद्यकीय सोय नसलेल्या काळी रुग्ण मुले संततीच्या वयापर्यंत पोहोचत नव्हती असे गृहीत धरले, तर दर पिढीत २६ प्रती नष्ट होतात. असे असूनही हे जनुक टिकून राहायचे असेल, तर तेवढीच भरपाई दुसरीकडून व्हावयास हवी. हिशेब केला असता असे दिसते की, वाहकांच्या तुलनेत ‘निरोगी’ गटातील सुमारे आठांपैकी एक मूल हिवतापाने दगावत असेल, तर हा तोल साधतो. रुग्णांपैकी निम्मे जगत असतील, तर सोळांपैकी एक. आठांत एक किंवा सोळांत एक हा आकडा कागदावर लहान दिसतो. पिढ्यानुपिढ्या पाड्यापाड्यांवर हिवतापाने गेलेल्या मुलांची ती मोजदाद आहे. सिकलसेलचे प्रमाण म्हणजे त्या मृत्यूंची रक्तात राहिलेली नोंद होय.

या गणिताला मर्यादा आहेत. समूह बंदिस्त नसतात, विवाह यादृच्छिक नसतात, आणि लहान समूहात केवळ योगायोगानेही एखादे जनुक वाढते वा नाहीसे होते. शेजारच्या दोन समाजांत प्रमाण फार वेगळे असेल, तर त्याचे सगळे श्रेय हिवतापाला देता येणार नाही. शिवाय भारतातील सिकल जनुक ज्या अरब-भारतीय जनुकीय पार्श्वभूमीवर आढळते, तिचे वर्णन कुलोझिक व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केले. तिच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, त्यामुळे आजार आफ्रिकेतील काही प्रकारांपेक्षा पुष्कळदा सौम्य असतो, सर्वत्र मात्र नाही. हे उत्परिवर्तन स्वतंत्रपणे अनेकदा घडले की एकदाच, याविषयी मतभेद आहेत. २०१८ मधील एका जनुकसंच-अभ्यासाने सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या एकाच उगमाचा पक्ष मांडला आहे.

आता पाठ्यपुस्तकाकडे परत येऊ. नववीच्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या पाठात सिकलसेलची माहिती येते : लक्षणे, निदान, औषध, आणि विवाहापूर्वी रक्ततपासणीचा सल्ला. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे. दहावीच्या पाठात उत्परिवर्तनाच्या अनुषंगाने त्याचा ओझरता उल्लेख होतो. तेथून काही पानांवर उत्क्रांती सुरू होते आणि तिच्या पुराव्यांत बैलाचा पाय व वटवाघळाचा पंख, आंत्रपुच्छ, प्लॅटिपस, जीवाश्म असे सर्व काही येते. जिराफाची मान लॅमार्कच्या मताबरोबर येतेच. बारावीत इंग्लंडमधील काजळी व पतंग येतात. नंदुरबारच्या विद्यार्थ्याने प्लॅटिपस पाहिलेला नाही आणि मँचेस्टरची काजळीही. जीवाश्मांचेही तसेच. त्याच्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक आहे आणि नंदुरबार-धुळे पट्ट्यात तो खडक चिरीत गेलेल्या डाइकांच्या रांगा आहेत. भूशास्त्राच्या अभ्यासकाला हा मुलूख पर्वणी असला, तरी असा अग्निजन्य खडक जीवाश्मांचा संग्रह सहसा देत नाही. पुरावा हवा असेल तर तो त्याच्या किंवा त्याच्या शेजारच्या बाकावरील मित्राच्या रक्ततपासणीच्या कार्डावर आहे. नववीत ते कार्ड ‘दोष’ म्हणून शिकविले जाते. दहावीत उत्क्रांती शिकविताना त्याची आठवणही काढली जात नाही.

‘निर्मूलन’ कशाचे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेची आवश्यकता वादातीत आहे. परंतु ‘निर्मूलन’ हा शब्द देवी वा पोलिओच्या संदर्भात आपण ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने तो येथे लागू पडत नाही, आणि हे समजण्यासाठी उत्क्रांतीचे मूलभूत ज्ञान लागते.

वरील उदाहरण पुढे चालवू. हिवताप पूर्णतः आटोक्यात आला आणि रुग्ण मुले मात्र पूर्वीसारखीच दगावत राहिली, अशी सर्वांत क्रूर कल्पना केली, तरी सिकल जनुकाचे ११.३ टक्क्यांचे प्रमाण निम्म्यावर यायला नऊ पिढ्या, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ लागेल. २०२३ ते २०४७ हे अंतर एका पिढीचे आहे. आता दुसरी बाजू पाहू. तपासणी व समुपदेशन पूर्ण यशस्वी झाले, आणि प्रत्येक वाहकाने वाहक नसलेल्या जोडीदाराशीच विवाह केला, तर पुढच्या पिढीत एकही रुग्ण जन्मणार नाही. वाहक मात्र २० टक्केच राहतील, त्या पुढच्या पिढीतही तेवढेच. म्हणजे समुपदेशनाने आजार थांबतो आणि जनुक जसेच्या तसे राहते. मोहिमेच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही. वाहक असणे हा आजार नसल्यामुळे जनुक नष्ट करण्याचे कारणच नाही.

हा भेद ध्यानात न घेतल्यास काय होते, ते गावपातळीवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. ‘वाहक’ हा शब्द ‘रोगी’ या अर्थाने घेतला जातो. मुलीचे कार्ड पाहून सोयरीक मोडते, आणि मग पुढच्या मुलीची तपासणीच टाळली जाते. सिकलसेल हा ‘खराब रक्ता’चा, पर्यायाने खराब कुळाचा पुरावा ठरतो. नववीच्या पाठातील विवाहविषयक सल्ला योग्यच आहे, पण केवळ त्या सल्ल्यावर थांबणारे शिक्षण या समजुतीला धक्का देऊ शकत नाही. वाहक असणे हा पूर्वजांच्या एखाद्या पापाचा वा अशुद्धतेचा अवशेष नसून हिवतापाच्या मुलखात टिकून राहिलेल्या माणसांचा वारसा आहे, हे समजावयाचे तर नैसर्गिक निवड समजावी लागते. ‘योग्यतम’ या शब्दाचा अर्थही तेव्हाच सुटतो. हिवतापाच्या रानात वाहक योग्य, हिवताप नसलेल्या शहरात वाहक व इतर सारखेच, आणि रुग्णाची दशा दोन्हीकडे कठीण. एकाच जनुकाची किंमत जागा व काळ यांप्रमाणे बदलते. मिरवणुकीच्या चित्रात हे कोठेच बसत नाही.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सिकलसेलला उत्क्रांतीच्या पाठात आणल्याने आदिवासी समाजांवर आणखी एक शिक्का बसेल. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर उदाहरणांच्या निवडीत आहे. भूमध्य समुद्राकाठचा व भारतातील सिंधी, पंजाबी समाजांतील थॅलसेमिया, तसेच प्रौढपणीही दूध पचविण्याची क्षमता, ही उदाहरणे सोबत दिली तर निवडीच्या खुणा प्रत्येक समाजाच्या शरीरात आहेत हे दिसेल. दुसरा आक्षेप असा की, वाहकाला ‘फायदा’ आहे असे सांगितल्यास तपासणीची निकड कमी वाटेल. यात तथ्य थोडे आहे. डासांपासून संरक्षण व औषधोपचार उपलब्ध असताना त्या फायद्याला आज किंमत उरलेली नाही, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक आहे, हे त्याच तासाला फळ्यावर लिहिता येते.

वर्गातील एक प्रयोग

एक पथ्य आधी सांगितले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या तपासणीचे निष्कर्ष वर्गात कधीही विचारू वा वापरू नयेत. कोणाचे कार्ड कोणते, ही त्या कुटुंबाची खासगी बाब आहे.

धान्याच्या दाण्यांनी हे सर्व शिकविता येते. एका पिशवीत ज्वारीचे १७७ व उडदाचे २३ दाणे घ्यावेत. न पाहता दोन-दोन दाण्यांच्या शंभर जोड्या काढाव्यात. दोन्ही ज्वारीचे असलेल्या जोड्या साधारण ७८-७९, मिश्र २०, आणि दोन्ही उडदाच्या एक किंवा दोन येतात, कधी एकही नाही. पहिल्या फेरीत हिवतापाचा नियम लावावा : ज्वारीच्या जोड्यांतील दर आठवी आणि उडदाची प्रत्येक जोडी बाजूला काढावी. उरलेल्या दाण्यांचे प्रमाण मोजून त्याच प्रमाणात पिशवी पुन्हा दोनशे दाण्यांची करावी. दुसऱ्या गटाला हिवताप नसलेला मुलूख द्यावा, म्हणजे केवळ उडदाच्या जोड्या काढावयाच्या. आठ-दहा फेऱ्यांनंतर दोन्ही गटांचे आलेख शेजारी लावावेत. पहिल्या गटाचा आलेख मूळ प्रमाणाच्या आसपास वरखाली होत राहतो, दुसऱ्याचा हळूहळू उतरतो. उतार इतका मंद असतो की, मुले आपली मोजणी चुकली असे समजून पुन्हा मोजू लागतात. तिसऱ्या गटाला मात्र वीसच जोड्यांची छोटी पिशवी द्यावी, ३५ ज्वारी व ५ उडीद, आणि नियम पहिल्याच गटाचा ठेवावा. अशा चार-पाच छोट्या पिशव्या वेगवेगळ्या बाकांवर दिल्यास त्यांतील उडदाचे प्रमाण केवळ योगायोगाने एकमेकांपासून वेगळे होत जाते. सातपुड्यातील लहान पाड्यांच्या आकड्यांत इतका फरक का आढळतो, हा प्रश्न तेव्हा विद्यार्थी स्वतःच विचारतात.